दुधाच्या डब्यातला भाता

दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांनी छावणीत बनवलेल्या वस्तूंचा विषय निघाला की जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यातलं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, हमखास पुढे येतं. पलंगाच्या नि जमिनीच्या फळ्यांचा सांगाडा, त्यावर चौकडीच्या कापडाच्या खोळी, कापड ताणून बसावं म्हणून शिजवलेल्या भरडधान्याची पेज, ३२ फुटांचा पंखविस्तार. माळ्यावर लपवून बांधलं आणि उडवायची वेळ यायच्या आत, एप्रिल १९४५ मध्ये, किल्ला मुक्त झाला. गोष्ट झकास आहे, पण ती एकाच वस्तूची. कैद्यांचं रोजचं पाणी ज्यावर उकळलं, ती वस्तू पत्र्याची होती. इंग्रज, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन कैदी तिला नुसतं 'ब्लोअर' म्हणत.

ब्लोअर म्हणजे फळीवर बसवलेली शेगडी आणि तिला वारा घालणारा हातपंखा. एका टोकाला हँडल लावलेलं मोठं चाक, मध्ये पट्ट्याने फिरणारा पत्र्याचा पंखा, तिथून निघणारी पत्र्याची नळी आणि दुसऱ्या टोकाला डब्याची शेगडी. कल्हईवाल्याचा हाताने फिरवायचा पंखा पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको, तेच यंत्र, फक्त काखेत मारून नेता येईल एवढं.

याला 'जुगाड' म्हणायची आपल्याकडे घाई होते. मला ते पटत नाही. जुगाड एकदा चालला की काम भागतं. ब्लोअर दिवसातून चार वेळा, महिनोन्महिने चालायचा, बिघडायचा, दुरुस्त व्हायचा. कुठला सांधा दुमडायचा, कुठला डाखायचा (म्हणजे सोल्डर करायचा), कुठे लाकूड लावायचं याला पक्की कारणं होती. ती कारणं समजली की संग्रहालयात काचेमागे ठेवलेली ही वेडीवाकडी वस्तू नीट वाचता येते. म्हणून इथे जरा खोलात जाऊन लिहितो.

आधी पत्रा कुठून आला ते बघू. जिनिव्हा करारानुसार कैद्याला राखीव सैनिकाइतकं अन्न मिळायला हवं होतं, प्रत्यक्षात जर्मन छावणीत काळा पाव, बटाटे आणि सलगमाचं पाणीदार सूप यावरच भागवावं लागे. खरा आधार रेड क्रॉसच्या पार्सलचा. माणशी आठवड्याला एक असा हिशोब होता, तो नेहमी पाळला जाई असं नाही. कॅनेडियन पार्सल साधारण ११ पौंडांचं. त्यात १६ औंस दुधाची पावडर, १६ औंस लोणी, १२ औंस खारवलेलं गोमांस, १० औंस डुकराचं मांस, ८ औंस सामन, शिवाय सार्डिन, जॅम, बिस्किटं, साखर, मनुका, चॉकलेट, चहा किंवा कॉफी आणि साबण. यातलं बरंच काही डब्यात. म्हणजे शंभर माणसांच्या बराकीत आठवड्याला पाच-सहाशे डबे रिकामे होत. छावणीत इतक्या नियमाने येणारा दुसरा कुठलाही कच्चा माल नव्हता.

त्यातही मान दुधाच्या पावडरीच्या डब्याला. 'क्लिम' या ब्रँडचा हा डबा सरळ गोल, साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा. तळ आणि झाकण काढून सांध्यावर उभा कापून उलगडला की ३१ सेंटिमीटर लांबीची सपाट पट्टी हाती येते. मांसाचा डबा चौकोनी नि निमुळता, त्याचा पत्रा उलगडला तरी कोपऱ्यांच्या वळ्या जात नाहीत. सार्डिनचा उथळ, त्यातून दिव्याखेरीज फारसं काही निघत नाही. शिवाय पहारेकरी पुष्कळदा वाटपाच्या वेळीच डबे टोचून देत, पळून जाण्यासाठी कुणी शिधा साठवू नये म्हणून. टोचलेल्या डब्यातलं अन्न लवकर संपवावं लागे आणि पत्र्यालाही भोक पडलेलं असे. कापताना ते भोक टाकाऊ तुकड्यात जाईल असं बेतावं लागतं.

वेळेचाही भाग आहेच. करारानुसार अधिकाऱ्यांवर कामाची सक्ती करता येत नव्हती आणि सार्जंट-कॉर्पोरल दर्जाच्या लोकांना फक्त देखरेखीचं काम देता येत होतं. त्यामुळे बव्हेरियातल्या होहेनफेल्सच्या स्टालाग ३८३ सारख्या, कामाला नकार दिलेल्या सार्जंट-कॉर्पोरलांच्या छावणीत ही कारागिरी फोफावली. खाणीत नि शेतावर राबणाऱ्या साध्या शिपायाला रात्री उशिरा कातर चालवायचं त्राण कुठून राहणार?

आता पत्रा. डब्याचा पत्रा म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपासची लोखंडी चादर, दोन्ही बाजूंना कथलाचा पातळ मुलामा. हा मुलामा दोन कामं करतो: गंज थांबवतो आणि डाख चटकन धरतो. मात्र कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे ज्या पत्र्याला थेट आग लागणार त्याचा मुलामा पहिल्याच दिवशी जाणार आणि उघडं लोखंड थरथराने जळत राहणार. ब्लोअरच्या शेगडीचं आयुष्य कमी का, याचं उत्तर इथे आहे.

पत्रा सपाट करायला हातोडी मारायची नाही. हातोडीने पोचे पडतात, पत्रा जागोजागी ताणला जातो आणि मग तो कधीच सपाट बसत नाही. पट्टीची दोन टोकं धरून ती टेबलाच्या कडेवरून, गोलाईच्या उलट दिशेने, पाच-सहा वेळा ओढायची. कापायला पत्राकातर नसेल तर सुरीच्या टोकाने रेघ ओढून तीच रेघ पाच-सात वेळा कोरायची, मग कडेवर ठेवून खाली-वर वाकवायचं. तिसऱ्या-चौथ्या वाकवणीला पत्रा स्वच्छ तुटतो. घाई करून अर्धवट कोरलेल्या रेघेवर वाकवलं तर तुकडा रेघ सोडून भलतीकडे फाटत जातो आणि कड करवतीसारखी होते. म्हणून हाताला लागणारी प्रत्येक कड ४-५ मिलिमीटर आत दुमडून ठोकतात. त्याने बोट वाचतं आणि पत्र्याला ताठपणाही येतो. नुसता पाव मिलिमीटरचा पत्रा फुंकरीने थरथरेल. दुमडलेल्या कडेचा तोच पत्रा भांड्याचं वजन पेलतो.

सांध्यांचे प्रकार दोन. पहिला घडीचा: एका तुकड्याची कड वर दुमडायची, दुसऱ्याची खाली, दोन्ही आकडे एकमेकांत अडकवायचे आणि लाकडी ठोकळ्याने ठोकून सपाट करायचे. याला आग काही करत नाही. दुसरा डाखाचा. तो हवाबंद आणि पाणीबंद होतो, पण उष्णतेपुढे टिकत नाही.

डाख छावणीत विकत मिळत नव्हता, तोही डब्यांतूनच निघे. त्या काळच्या डब्यांचे उभे सांधे डाखलेले असत. डबा सांधा खाली करून निखाऱ्यांवर धरला की डाख ओघळून थेंबाथेंबाने पडतो. खाली पत्र्याचा तुकडा धरून ते थेंब गोळा करायचे. एका डब्यातून मोजके मणी मिळतात, तेव्हा एका ब्लोअरला पुरेल एवढा डाख जमवायला डब्यांचा ढीगच लागतो. पत्र्यावरचा मळ नि काजळी डाखात मिसळली तर तो भुसभुशीत होतो, म्हणून पुन्हा वितळवून वरची साय काढून टाकायची. नवसागर कुठून आणणार? त्याऐवजी राळ. बराकी पाइनच्या फळ्यांच्या, गाठींजवळ राळ पाझरलेली असेच. ती खरवडून सांध्यावर भुरभुरायची. डाखणी म्हणून तापवलेला सळईचा तुकडा किंवा जाड खिळा. सळई लाल झाली तर राळ जळून काळी होते आणि डाख धरतच नाही, नुसता गोळा होऊन घरंगळतो. बेताचा ताप हवा: राळेचा धूर निघावा, पेट घेऊ नये.

शिशाच्या प्रमाणानुसार हा डाख १८० ते ३२० अंशांच्या दरम्यान कुठेतरी सुटतो. शेगडीतली आग सहज ७००-८०० अंशांच्या वर जाते. यातून साधा नियम निघतो: पंख्याचा डबा नि नळी डाखावी, शेगडी फक्त घडीने जोडावी. मग भांड्याचं काय? डाखलेला मग किंवा किटली आगीवर चालते, जोवर आत पाणी आहे तोवर. पाणी सांध्याला शंभर अंशांच्या फार वर जाऊ देत नाही. चहा उकळून आटला आणि लक्ष गेलं की किटलीचा तळ सुटून शेगडीत पडलाच म्हणून समजा. त्या डाखात शिसं भरपूर, हेही खरं. आज कुणी त्यात चहा करू नये.

आता प्रत्यक्ष बांधणी. बैठकीला पलंगाची आडवी फळी, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब. यापेक्षा आखूड केली तर शेगडीची धग पट्ट्यापर्यंत पोचते आणि पट्टा जळतो. लांब केली तर नळीत वारा रेंगाळतो.

पंख्याचं घर म्हणून अख्खा क्लिमचा डबाच आडवा वापरता येतो. झाकणाच्या मधोमध ४ सेंटिमीटरचं गोल भोक, वारा तिथून आत येणार. परिघावर एक खिडकी कापायची आणि तिचा पत्रा पूर्ण न तोडता बाहेर वाकवून नळीच्या तोंडाला जोडायचा. आतलं चक्र ८ सेंटिमीटर व्यासाचं. इथे नवशिक्याची हमखास चूक होते. चक्र डब्याच्या बरोबर मध्यावर बसवलं की चारही बाजूंना सारखी फट राहते आणि वारा आतल्या आत गोल फिरत बसतो, नळीत फारसा जात नाही. आस मध्यापासून ६-७ मिलिमीटर सरकवायचा. खिडकीच्या कडेला, जिथून चक्राची फेरी सुरू होते, तिथे फट अगदी कमी आणि पुढे वाढत वाढत खिडकीपाशी सगळ्यात जास्त. तेवढ्या बदलाने वाऱ्याला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पाती सहा किंवा आठ, सरळ, आसापासून बाहेरच्या दिशेने. मध्ये लाकडाचा छोटा गठ्ठू, त्याला सुरीने उभ्या खाचा, खाचांत पाती ठोकून वर डाखाचा थेंब. चार पात्यांचं चक्रही चालतं, आवाज मात्र फार करतं. तोल बघायचा तो असा: आस दोन सुऱ्यांच्या धारेवर आडवा ठेवायचा. जड पातं खाली येईल. त्याच्या टोकाची चिमूटभर कातरी काढायची, पुन्हा ठेवायचं, चक्र कुठेही थांबायला लागेपर्यंत हे करायचं. तोल न साधलेलं चक्र हळू फिरवताना ठीक वाटतं. वेग आला की सगळी फळी हादरते, आसाची भोकं मोठी होतात आणि आठवड्याभरात पाती डब्याला घासायला लागतात.

आस म्हणजे लांब खिळा किंवा जाड तार. तो थेट पत्र्याच्या भोकातून फिरवायचा नाही, पाव मिलिमीटरचा पत्रा त्याला कापतो आणि स्वतःही फाटतो. दोन्ही बाजूंना कडक लाकडाचे किंवा हाडाचे ठोकळे, त्यांत भोक, भोकात वंगण. मार्गारीनमध्ये पाणी नि मीठ असतं, शेगडीच्या उबेला ते चिकट होऊन बसतं. उकळून पाणी उडवलेली चरबी बरी आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड त्याहून बरी.

वेगाचा हिशोब साधा आहे. मोठं चाक २४ सेंटिमीटरचं, आसावरचं छोटं चाक २.४ सेंटिमीटरचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला पंख्याचे दहा. मिनिटाला ९० फेरे आरामात फिरवता येतात, पंखा ९०० फेरे घेतो आणि ८ सेंटिमीटरच्या चक्राचं टोक सेकंदाला पावणेचार मीटरने धावतं. निखारे फुलवायला तेवढं पुरतं, ओला कोळसा पेटवायला नाही. म्हणून काहींनी मध्ये आणखी एक चाकांची जोडी घालून प्रमाण विसाला एक केलं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. अर्थात घर्षणही वाढतं, आणि आस वाकडा असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ.

चाकं लाकडाची, परिघावर खाच. पट्टा बुटाच्या नाडीचा किंवा चामड्याच्या वादीचा. गाठ मारून जोडला तर प्रत्येक फेऱ्याला गाठ छोट्या चाकावर आपटते, पट्टा उडतो. टोकं तिरकी कापून एकावर एक ठेवून शिवायची. पट्टा घसरत असेल तर राळेची पूड. तरीही घसरला तर तो आठच्या आकड्यासारखा तिढा घालून चढवायचा. मोठ्या-छोट्या चाकांत इतकं अंतर असलं की सरळ पट्टा छोट्या चाकाला अर्ध्याहून कमी धरतो. तिढा घातला की अर्ध्याहून जास्त भाग धरला जातो. फक्त पंख्याची दिशा उलटी होते हे ध्यानात ठेवायचं, नाहीतर खिडकी चुकीच्या बाजूला आणि वारा उलटा. दमट हवेत सुती नाडी आवळते आणि शेगडीपाशी सुकून सैल पडते, त्यामुळे मोठ्या चाकाचा खांब पुढे-मागे सरकेल अशी खाच फळीत ठेवलेली बरी.

नळी चौकोनी, ४ बाय अडीच सेंटिमीटर, १५ ते २० सेंटिमीटर लांब, फळीला चिकटून जाणारी. सांधे डाखलेले. डाख कमी पडला तर ओली माती किंवा कणकेच्या खळीत भिजवलेला कागद. नळी शेगडीखाली जाते, वारा तिथून वर शेगडीत शिरतो; त्यापुढचं नळीचं टोक बंद करायचं, पण कायमचं नको. राख शेगडीच्या तळाच्या भोकांतून खाली नळीत पडत राहते, ती काढायला काढता-घालता येणारं बूच हवं. राखेने अर्धी भरलेली नळी हे 'पंखा छान फिरतोय पण आग पेटत नाही' या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण.

शेगडी म्हणजे डब्यात डबा. आतल्या डब्याच्या तळाला खिळ्याने पाडलेली २०-२५ भोकं, तीन-चार मिलिमीटरची. भोकं जास्त पाडली की वाऱ्याचा जोर मरतो, कमी पाडली की पंखा गुदमरतो. बाहेरचा डबा आणि आतला डबा यांच्या फटीत माती भरली तर धग आत राहते आणि फळी जळत नाही. आतला डबा बाहेरच्याला जोडायचा नाही, नुसता बसवायचा, कारण तोच आधी जळून जाणार आणि तोच बदलायचा आहे. वर तीन खिळे किंवा तीन दात, भांडं काठापासून दीड सेंटिमीटर उचलून धरणारे. भांडं थेट काठावर ठेवलं तर धुराला वाट नाही, आणि धुराला वाट नाही तर वाऱ्यालाही नाही.

इंधनाचं गणित करून बघण्यासारखं आहे. अर्धा लिटर पाणी १० अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे १९० किलोज्यूल लागतात. कोरड्या लाकडाच्या ग्रॅममागे साधारण १५ किलोज्यूल मिळतात. उघड्या चुलीत त्यातलं बहुतेक हवेत जातं. ब्लोअरमध्ये पाचवा हिस्सा जरी भांड्याला लागला तरी ६०-६५ ग्रॅम लाकडात चहाचं पाणी होतं. म्हणजे बोटाएवढ्या जेमतेम सहा-सात काड्या. पुठ्ठा, झाडाची साल, कोळशाचा चुरा, पलंगाच्या फळीचं छिलपं, काहीही चालतं. आग लहान पण पांढरी, दोन-तीन मिनिटांत उकळी. जर्मनांनी दिलेला कोळसा बराकीच्या एका मोठ्या शेगडीलाही पुरत नसताना हे यंत्र का पसरलं ते यात आलं. काही ठिकाणी कुणाचं पाणी आधी उकळतं याच्या शर्यतीही लागत. पहारेकरी सहसा काणाडोळा करत, मात्र ठिणग्या उडत असल्याने लाकडी बराकीत हा प्रकार धोक्याचाच.

हाच डबा जमिनीखालीही गेला. सागानच्या स्टालाग लुफ्ट ३ मधल्या, आज पोलंडमध्ये असलेल्या छावणीतल्या, 'हॅरी' नावाच्या भुयारातून २४-२५ मार्च १९४४ च्या रात्री ७६ जण बाहेर पडले. ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. भुयार सुमारे ९ मीटर खोल, शंभर मीटरच्या वर लांब आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद. तिथे हवा न्यायला तळ काढलेले क्लिमचे डबे एकापुढे एक जोडून नळी केली होती. डाखणं शक्यच नव्हतं, एवढा डाख आणायचा कुठून? सांध्यांना डांबरी कागद गुंडाळला आणि नळी भुयाराच्या जमिनीखाली पुरली, त्यामुळे वाळूच्या दाबानेच सांधे बंद राहिले. छावणीत नंतर काय काय गायब झालं याची जी यादी झाली, तिच्यात १,४०० क्लिमचे डबे आणि ४,००० पलंगाच्या फळ्या आहेत.

या नळीच्या तोंडाशी पत्र्याचा पंखा मात्र नव्हता, भाता होता. सैनिकी कॅनव्हासची पिशवी, आत तारेच्या कड्या, लाकडी चौकट आणि चामड्याच्या झडपा. माणूस वल्हं मारल्यासारखा पुढे-मागे सरकत तो चालवी. पंखा का नाही? शंभर मीटर लांब, जागोजागी गळणाऱ्या नळीत वारा ढकलायला दाब लागतो, आणि हाताच्या छोट्या पंख्याचा दाब तिथे पुरत नाही. शेगडीला उलट दाब कमी, प्रवाह अखंड हवा. दोन्हीकडे कारागिरांनी बरोबर यंत्र निवडलं होतं.

भुयारातले दिवे मार्गारीनवर चालत. मार्गारीन तसंच वापरलं तर तडतडतं, धूर करतं, विझतं. उकळून त्यातलं पाणी उडवायचं, निवळ चरबी सार्डिनच्या डब्यात ओतायची आणि पायजम्याच्या नाडीची वात लावायची.

त्याच छावणीत ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅल हेक होकायंत्रं बनवायचा. तोही त्या ५० जणांत होता. त्याचं होकायंत्र जवळून बघण्यासारखं आहे. घर ग्रामोफोनच्या फुटक्या तबकडीचं: तबकडी गरम केली की कणकेसारखी मऊ होते, साच्यात दाबली की हवा तो आकार घेते, गार झाली की पुन्हा कडक. तळाच्या मधोमध ग्रामोफोनची सुई, टोक वर, तोच खुंटा. लोहचुंबकावर एकाच दिशेने घासून चुंबकत्व दिलेला सुईचा तुकडा, वर कागदाची चकती, दिशा हाताने रंगवलेल्या. काच खिडकीची, आणि ती पाण्याखाली धरून कापलेली, कारण तशी कापली की तडा वेडावाकडा जात नाही. तळावर उठवलेली अक्षरं होती 'मेड इन स्टालाग लुफ्ट ३'. पकडलेला माणूस सैनिकी कैदी आहे, हेर नाही, हे त्यातून कळावं असा व्यवहारही त्यात असू शकेल. मला मात्र त्यात कारागिराचा खट्याळपणा जास्त दिसतो.

भारतीय कैद्यांचं थोडं वेगळं होतं. उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले आपले हजारो जवान इटलीत आणि मग अ‍ॅनाबुर्गसारख्या जर्मन छावण्यांत गेले. त्यांच्यासाठीच्या खास पार्सलमध्ये तांदूळ, डाळ, पीठ आणि मसाल्याची पूड असे. ब्लोअरच्या दृष्टीने हा शिधा त्रासाचा. चहाला जोराची, तीन मिनिटांची आग हवी. डाळीला मंद, अर्ध्या-पाऊण तासाची. ब्लोअर हळू चालवला की आग विझते, जोरात चालवला की डाळ तळाला लागते. पत्र्याच्या पातळ भांड्यात तर लागतेच लागते. डाळ आधी रात्रभर भिजत घालणं किंवा उकळी आल्यावर भांडं घोंगड्यात गुंडाळून ठेवणं, हेच उपाय.

पार्सलं लिस्बनहून जहाजाने मार्सेलला आणि तिथून रेल्वेने जिनिव्हाला जात. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये लढाई पेटली, रेल्वे बाँबखाली आली आणि सप्टेंबरपासून बऱ्याच छावण्यांत माणशी अर्धं पार्सल झालं, पुढे तेही बंद पडलं. म्हणजे कोळसा संपला त्याच हिवाळ्यात नवा पत्राही संपला. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर पूर्वेकडच्या छावण्या पायी पश्चिमेला हलवल्या, तेव्हा मोठे ब्लोअर मागे राहिले. बरोबर गेले ते छोटे: एकच चाकजोडी, हातभर फळी, पाठीवरच्या ओझ्याला दोरीने बांधलेली.

हे सगळं वाचून करून पाहायचा मोह झाला तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. आजचे डबे जुन्यांपेक्षा पातळ असतात, तेव्हा पंख्याच्या घराला दुहेरी पत्रा घ्या. आत प्लास्टिकसदृश थर असतो, तो जाळताना घाण धूर येतो. शेगडीचा डबा आधी घराबाहेर मोकळ्यावर भट्टीत लाल करून घ्या आणि तेव्हा वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभे राहा. डाख शिसेविरहित मिळतो, तोच वापरा. डब्यातून डाख गोळा करायच्या फंदात पडू नका, आजच्या डब्यांत तो नसतोच.

जुनी वस्तू म्हणून कुणी ब्लोअर विकायला आणला तर तपासायचंही तेच. जुन्या डब्याचा उभा सांधा आकड्यात आकडा अडकवलेला, वर डाखाचा राखाडी ओघळ. आजच्या डब्याचा सांधा वेल्डिंगचा, अरुंद, निळसर काळ्या रेघेचा, किंवा उंच डबा तळासकट एकाच पत्र्यातून ओढलेला नि सांध्याविनाच. आतली शेगडी जळून कुरतडलेली असायला हवी. ती धडधाकट असेल आणि बाकी पत्रा मात्र ठरवून गंजवल्यासारखा असेल तर पैसे देऊ नका. खरा मिळाला तर घासून चकचकीत करू नका: कथलाचा उरलासुरला मुलामा ब्रासोने निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा चाळणी होतो. कोरड्या ब्रशने धूळ काढायची, हवाबंद पेटीत सिलिकाच्या पुड्या घालून ठेवायचा आणि पट्ट्याची नाडी सैल करून ठेवायची, ताणात राहिली तर तुटते.